जीपीयू सर्व्हर ताब्यात घेण्याआधी

मार्च २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने इंडिया एआय मिशनसाठी १०,३७१.९२ कोटी रुपये मंजूर केले, तेव्हा देशात दहा हजारांहून जास्त जीपीयू, म्हणजे एआयच्या आकडेमोडीसाठी लागणाऱ्या वेगवान चिप, उपलब्ध करायचं ठरलं होतं. पुढे हा आकडा ३८ हजारांच्या वर गेला. पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत ‘परम सिद्धी-एआय’ आणि ‘ऐरावत’ हे जीपीयूंवर चालणारे महासंगणक आहेत. जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत पहिला २०२० साली ६३वा आला होता, दुसरा २०२३ साली ७५वा.

अशा ठिकाणी यंत्रांची देखभाल करायला तयारीची माणसं असतात. माझ्या डोळ्यांसमोर वेगळी जागा आहे. एखादं इंजिनीअरिंग कॉलेज, कृषी विद्यापीठाची प्रयोगशाळा, हॉस्पिटलचा संशोधन विभाग किंवा वीस माणसांची कंपनी. तिथे चार नाहीतर आठ जीपीयू कार्डांचा एकच सर्व्हर येतो आणि त्यात त्यांचं सगळं वर्षाचं बजेट गेलेलं असतं. पुरवठादाराचा माणूस मशीन जोडतो, एक कमांड देतो, पडद्यावर चार कार्डांची नावं उमटतात, सगळे माना डोलावतात आणि चलनावर सही होते. ही सही फार लवकर होते, असं माझं ठाम मत आहे. त्या चार नावांवरून नेमकं काय कळतं, काय कळत नाही आणि सहीच्या आधी काय तपासायचं, ते इथे सांगतो.

जीपीयू करतो काय?

संगणकाच्या मुख्य प्रोसेसरमध्ये काही मोजके, फार तर शे-दोनशे कोअर असतात आणि प्रत्येक कोअर कुठलंही काम करू शकतो. जीपीयूमध्ये हजारो साधे कोअर असतात आणि ते एकाच प्रकारची आकडेमोड एकाच वेळी करतात. जीपीयू बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीच्या एच-१०० या सर्व्हरमधल्या चिपवर असे १६,८९६ कोअर आहेत. एआय मॉडेल शिकवणं असो, हवामानाचं गणित असो की प्रथिनांची रचना शोधणं असो, तळाशी बहुतेक वेळा मोठमोठ्या कोष्टकांचे गुणाकार असतात आणि तेच या चिपला सगळ्यात चांगलं जमतं.

या वेगाची किंमत विजेत मोजावी लागते. एक एच-१०० कमाल ७०० वॉट ओढतं. अशी आठ कार्डं असलेल्या एनव्हिडियाच्या डीजीएक्स सर्व्हरची कमाल गरज १०.२ किलोवॉट आहे. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. एसीचा एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढायची ताकद, म्हणजे या एका सर्व्हरसाठी जवळजवळ तीन टनांचा एसी रात्रंदिवस चालू लागेल. सर्व्हरच्या निविदेत हा खर्च धरलेला मी क्वचितच पाहिलाय.

लिनक्सवर कार्ड ‘दिसायला’ काय लागतं

असे सर्व्हर जवळजवळ सगळे लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात. कार्ड आणि लिनक्स यांच्यात बोलणं होतं ते ड्रायव्हरमार्फत. ड्रायव्हर हा सॉफ्टवेअरचा तुकडा लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, जाऊन बसतो. आणि नवख्या माणसाचे पहिले दोन दिवस इथेच जातात.

एनव्हिडियाचा ड्रायव्हर बरीच वर्षं बंदिस्त होता. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१२ साली फिनलंडमधल्या एका जाहीर कार्यक्रमात लिनक्सला साथ देत नाही म्हणून या कंपनीला उघडउघड शिवी हासडली होती. कंपनीने कर्नलमधल्या भागाचा कोड २०२२ मध्ये खुला केला आणि आता ब्लॅकवेल पिढीच्या कार्डांना हाच खुला भाग लागतो. त्यामुळे बसवणं पूर्वीपेक्षा सोपं झालंय, पण अडकण्याच्या जागा अजून त्याच आहेत.

पहिली जागा म्हणजे ‘नुवो’. लिनक्ससोबत येणारा हा पर्यायी ड्रायव्हर आधीच कार्ड धरून बसतो. त्याला बंद यादीत टाकून सुरुवातीची बूट फाइल नव्याने बनवल्याशिवाय दुसऱ्या ड्रायव्हरला जागा मिळत नाही. दुसरी जागा सिक्युअर बूट, म्हणजे मशीन सुरू होताना अनोळखी सॉफ्टवेअर रोखणारी सोय. मशीनवर हे चालू असेल तर डिजिटल सही नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही. इन्स्टॉलेशन ‘यशस्वी’ म्हणतं आणि कार्ड मात्र दिसत नाही. तिसरी जागा बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, आहे. ‘अबव्ह फोर-जी डिकोडिंग’ हा पर्याय बंद राहिला, तर मोठ्या मेमरीच्या कार्डांना पत्ते पुरत नाहीत आणि आठपैकी पाचच कार्डं दिसतात असे प्रकार होतात.

चौथा प्रकार सगळ्यात छळतो, कारण तो नंतर उगवतो. महिनाभर सुरळीत चाललेला सर्व्हर एके सकाळी ‘ड्रायव्हर आणि लायब्ररी यांच्या आवृत्त्या जुळत नाहीत’ म्हणून हटून बसतो. रात्री आपोआप अपडेट झालेलं असतं. डिस्कवर नवा ड्रायव्हर आलेला, मेमरीत मात्र जुनाच. मशीन एकदा रीबूट केलं की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो, पण दहा दिवसांपासून चाललेलं कुणाचं तरी काम त्यात जातं. म्हणून ड्रायव्हरचं स्वयंचलित अपडेट बंद ठेवावं आणि ठरवून, सगळ्यांना कळवून करावं.

हे सगळं पार पडलं की टर्मिनलवर ‘एनव्हिडिया-एसएमआय’ ही कमांड द्यायची. कार्डाचं नाव, तापमान, वॉट, किती मेमरी वापरात आहे, असा तक्ता येतो. वर उजवीकडे कुडाची एक आवृत्ती लिहिलेली असते. कुडा म्हणजे या कार्डांसाठी प्रोग्रॅम लिहायची एनव्हिडियाची साधनसामग्री. तिथला आकडा पाहून ‘आपल्याकडे हीच आवृत्ती बसवलेली आहे’ असं पुष्कळ जण धरून चालतात. तो आकडा फक्त एवढंच सांगतो की हा ड्रायव्हर जास्तीत जास्त कुठल्या आवृत्तीपर्यंत साथ देईल. मशीनवर कुडा मुळीच नसली तरी तो दिसतो.

मग हा तक्ता पुरेसा का नाही?

कारण तो तक्ता निवांत बसलेल्या कार्डाचा असतो. त्या क्षणी कार्ड कमाल विजेच्या दहाव्या हिश्शावर किंवा त्याहून कमीवर असतं, थंड असतं आणि त्याची मेमरी जवळजवळ रिकामी असते. शेतात बोअरला पाणी लागलं म्हणून कुणी त्याच दिवशी बागेची लागवड करत नाही. मोटर लावून काही तास सलग उपसा करतात, पातळी कुठे थांबते ते बघतात, मगच ठरवतात. जीपीयूची ताण-चाचणी म्हणजे हाच उपसा: कार्डाला पूर्ण भार द्यायचा, तासन्‌तास द्यायचा आणि ते कुठे स्थिरावतं हे बघायचं.

यासाठी ‘जीपीयू-बर्न’ नावाचा एक छोटा, मोफत आणि खुला प्रोग्रॅम बऱ्याच ठिकाणी वापरतात. तो कार्डाची जवळपास नव्वद टक्के मेमरी व्यापतो, मोठमोठ्या कोष्टकांचे तेच ते गुणाकार पुन्हा पुन्हा करतो आणि आलेली उत्तरं एकमेकांशी ताडून बघतो. गणित तेच आहे म्हटल्यावर उत्तरही दर वेळी तेच यायला हवं. एकदा जरी वेगळं आलं, तरी तो त्याची चूक म्हणून नोंद करतो. शेवटी प्रत्येक कार्डापुढे ‘ओके’ किंवा ‘फॉल्टी’ असा शेरा येतो.

मला या चाचणीत मोलाची वाटते ती ही पडताळणी. पंखे ओरडले, तापमान चढलं, मशीन बंद पडलं नाही, एवढ्यावर समाधान मानणाऱ्या चाचण्या खूप आहेत. उत्तर बरोबर आलं का, हे त्यातल्या सगळ्या बघत नाहीत.

चाचणी चालू असताना नजर कुठे ठेवायची

आधी एकेक कार्ड, मग सगळी एकदम. हा क्रम महत्त्वाचा आहे. एकटं कार्ड तपासताना कार्डाचा दोष कळतो. सगळी एकदम चालवली की पॉवर सप्लाय, केबल, हवा आणि खोलीचं वायरिंग यांची परीक्षा होते, आणि बहुतेक घोळ तिथेच असतात.

एका संस्थेतला चार कार्डांचा सर्व्हर मी पाहिलाय. प्रत्येक कार्ड स्वतंत्रपणे तासभर उत्तम चाललं. चारही एकत्र लावली आणि पाऊण तासाच्या आसपास तिसरं कार्ड तक्त्यातून नाहीसं झालं. कर्नलच्या लॉगमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत, एकच ओळ होती: ‘एक्सआयडी ७९, जीपीयू हॅज फॉलन ऑफ द बस’. एक्सआयडी म्हणजे एनव्हिडियाच्या ड्रायव्हरने बिघाडांना दिलेले क्रमांक. ७९ चा अर्थ असा की कार्डाशी असलेला संपर्कच तुटला. सगळ्यांचं बोट कार्डाकडे गेलं, परत पाठवायची बोलणीही सुरू झाली. झाकण उघडून पाहिल्यावर दिसलं की त्या कार्डाचे दोन्ही पॉवर कनेक्टर एकाच केबलच्या दोन फाट्यांवर होते. बाकी तिघांना दोन-दोन स्वतंत्र केबल होत्या. वेगळी केबल लावली आणि तेच कार्ड रात्रभर विनातक्रार चाललं. चाचणी झाली नसती तर हा दोष एखाद्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला तिसऱ्या महिन्यात, मध्यरात्री भेटला असता, आणि त्याने स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधत आठवडे घालवले असते.

लॉगमधले सगळेच क्रमांक एवढे गंभीर नसतात. एक्सआयडी १३ किंवा ३१ बहुतेक वेळा प्रोग्रॅमच्या चुकीमुळे येतो. ४८ मात्र मेमरीत दुरुस्त न होणारी चूक झाल्याचं सांगतो, आणि तो आला की पुरवठादाराला फोन लावायचा. चाचणीच्या आधी आणि नंतर लॉग बघायचाच, प्रोग्रॅमने ‘ओके’ म्हटलं असलं तरी.

तापमानाचं म्हणाल तर एकेका आकड्यापेक्षा शेजाऱ्यांमधली तफावत बघा. समजा अर्ध्या तासाने तीन कार्डं ७० ते ७५ अंशांवर थांबली आणि चौथं ८८ वर गेलं. मर्यादेत आहे म्हणून ते सोडून देऊ नका. त्याच मॉडेलचं, त्याच पेटीतलं कार्ड एवढं तापतंय, तर हवेचा मार्ग अडलाय किंवा हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) नीट बसलेला नाही. डेटा सेंटरसाठी बनवलेल्या बऱ्याच कार्डांवर पंखाच नसतो. पेटीतले जोरदार पंखे हवा ढकलतील, असं ती गृहीत धरतात. असं कार्ड साध्या डेस्कटॉप कॅबिनेटमध्ये बसवलं, तर पूर्ण भारावर काही मिनिटांतच तापून मंद होतं.

हे मंद होणं फसवं असतं. कार्ड तापलं किंवा वीज कमी पडली की ते आपला वेग आपोआप उतरवतं. मशीन बंद पडत नाही, चूक दिसत नाही, फक्त काम रेंगाळतं. एनव्हिडिया-एसएमआयच्या सविस्तर अहवालात वेग उतरवण्याचं कारण लिहिलेलं असतं, तो भाग चाचणी चालू असतानाच वाचायचा. कार्ड ज्या खाचेत बसतं त्या पीसीआय एक्सप्रेसच्या जोडणीची रुंदीही तेव्हाच बघायची. सोळा मार्गांच्या जागी आठच दिसले, तर कार्ड नीट बसलेलं नाही किंवा ती खाचच निम्म्या क्षमतेची आहे. निवांत असताना जोडणीचा वेग कमी दिसणं मात्र साहजिक आहे, वीज वाचवण्यासाठी कार्ड तसं करतं.

किती वेळ चालवायचं? तापमान स्थिरावायला अर्धा तास लागतो, तेव्हा त्याहून कमी चाचणीला अर्थ नाही. मी स्वतः सलग चोवीस तासांचा आग्रह धरतो, म्हणजे दुपारचं ऊन, रात्रीचा चढलेला व्होल्टेज आणि इमारतीतल्या लिफ्ट-पंपांची सगळी चालू-बंद त्यात येऊन जाते. दोन पॉवर सप्लाय असतील तर चाचणी चालू असतानाच एकाची केबल काढून बघावी. मात्र उरलेला एकटा सगळा भार पेलू शकेल, असं सर्व्हरच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असेल तरच.

एवढा ताण दिल्याने कार्डच खराब होईल ना?

हा प्रश्न नेहमी येतो आणि त्यामागची काळजी मला समजते. लाखो रुपयांची वस्तू खोक्यातून काढल्या काढल्या जोरात का पळवायची? पण कार्डाला स्वतःच्या मर्यादा ठाऊक असतात. ठरलेल्या तापमानाला ते वेग उतरवतं आणि त्याहून वर गेलं तर बंद होतं. हे दोन्ही आकडे सविस्तर अहवालात छापलेले असतात. या मर्यादा तुम्ही हाताने वाढवल्या नसतील, तर चोवीस तासांचा पूर्ण भार हे या कार्डाचं रोजचंच काम आहे. मॉडेल शिकवताना ते आठवडेच्या आठवडे तसंच चालणार आहे.

इलेक्ट्रॉनिक वस्तूंत बिघाडाचं प्रमाण सुरुवातीला जास्त, मधल्या काळात कमी आणि म्हातारपणी पुन्हा जास्त असतं. कच्चा सांधा, सदोष मेमरी चिप, अर्धवट बसलेला कनेक्टर हे सुरुवातीचे दोष. ते चाचणीत बाहेर आले तर मशीन अजून पुरवठादाराच्या जबाबदारीवर असतं.

मोठ्या कंपन्यांनाही हे भोगावं लागतं का?

लागतं, आणि आकडे जाहीर आहेत. फेसबुकची मालक कंपनी मेटाने लामा ३ हे एआय मॉडेल १६,३८४ एच-१०० कार्डांवर शिकवलं. त्यातल्या ५४ दिवसांचा हिशेब त्यांनी प्रसिद्ध केला. अनपेक्षितपणे काम थांबण्याचे ४१९ प्रसंग, म्हणजे सरासरी दर तीन तासांनी एक. त्यातले १४८ जीपीयूतल्या दोषामुळे आणि आणखी ७२ कार्डावरच्या मेमरीमुळे. प्रत्येक वेळी कार्ड निकामी झालं असं नाही, पण काम थांबलं. सरळ प्रमाणात हिशेब लावला तर रात्रंदिवस चालणाऱ्या आठ कार्डांच्या सर्व्हरवर साधारण दीड वर्षात जीपीयू किंवा त्याच्या मेमरीमुळे काम थांबण्याचा एक प्रसंग यायला हवा. हिशेब ढोबळ आहे, तरी ‘आमच्याकडे कशाला होईल’ याचं उत्तर त्यातून मिळतं. त्याच अहवालात आणखी एक निरीक्षण आहे: दुपारच्या तापमानामुळे एकूण वेगात एक-दोन टक्क्यांचा चढउतार व्हायचा. तिथे मोठ्या डेटा सेंटरचं शीतकरण होतं. नागपूरच्या मे महिन्यात, खिडकीच्या एसीवर काय होईल, याचा अंदाज करता येतो.

अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेचा टायटन महासंगणक याहून बोलका आहे. २०१२ साली तो जगात पहिला होता आणि त्यात १८,६८८ जीपीयू होते. काही वर्षांनी कार्डं भराभर जायला लागली. शोध घेतल्यावर कारण सापडलं ते जीपीयूच्या पट्टीवरच्या अगदी किरकोळ भागात: हवेतल्या गंधकाने गंजणाऱ्या रोधकांत (रेझिस्टरांत). हजारो जीपीयू बदलावे लागले. असा दोष पहिल्या दिवशीच्या चाचणीत सापडणार नाही, हेही कबूल करायला हवं. म्हणून चाचणी दर सहा महिन्यांनी पुन्हा करायची आणि पहिल्या दिवशीच्या आकड्यांशी ताडून बघायची.

वॉरंटी आहे, मग ही यातायात कशाला?

वॉरंटीत कार्ड बदलून मिळतं, गेलेला वेळ मिळत नाही. शिवाय ‘कधीकधी बंद पडतं’ एवढ्या तक्रारीवर कार्ड बदलून मिळायला फार झगडावं लागतं. पुरावा लागतो. एनव्हिडियाचं स्वतःचं ‘डीसीजीएम’ हे तपासणीचं साधन आहे. त्याच्या चार पातळ्या आहेत, पहिली काही सेकंदांची, वरची तास-दोन तासांची. कंपनीच्याच साधनाचा अहवाल, त्यासोबत लॉग आणि कार्डाचा सीरियल नंबर पाठवला, तर वादाला जागा राहत नाही. एएमडी या दुसऱ्या कंपनीची कार्डं असतील तर त्यांच्या आरओसीएम या संचात अशीच साधनं मिळतात.

आणि मेमरी? डेटा सेंटरच्या कार्डांत ईसीसी असतं, म्हणजे मेमरीतली एका बिटाची चूक जागीच दुरुस्त होते आणि तिची मोजणीही राहते. गेमिंगच्या अनेक कार्डांत ही सोय नसते किंवा बंद असते. स्वस्त पडतात म्हणून ती घेण्यात गैर काही नाही, शिकण्यासाठी ती छानच आहेत. पण औषधाचा किंवा पुलाचा हिशेब ज्यावर होणार, तिथे चुकीचं उत्तर गुपचूप येऊन जाणं परवडत नाही.

जीपीयू-बर्न पास झालं, म्हणजे सगळं झालं?

नाही. ते कार्डाला एकसारखा भार देतं. खरं काम असं चालत नाही. खऱ्या कामात क्षणात पूर्ण भार येतो, क्षणात उतरतो आणि या हिसक्यांत कार्ड काही मिलिसेकंद आपल्या ठरलेल्या वॉटपेक्षा बरंच जास्त ओढतं. काठावरचा पॉवर सप्लाय एकसारखा भार पेलतो आणि या हिसक्यांना मात्र मान टाकतो. म्हणून एखादं खरं मॉडेल तीन-चार तास शिकवून बघायचं. कार्डांची आपसातली देवाणघेवाणही जीपीयू-बर्न बघत नाही. त्यासाठी ‘एनसीसीएल-टेस्ट्स’ चालवायच्या.

खोलीचा एसी किंवा वायरिंग कमीच पडत असेल, तर प्रत्येक कार्डाच्या विजेवर मर्यादा घालता येते. ३५० वॉटचं कार्ड २८० वर ठेवलं, तर वीज वीस टक्के वाचते आणि वेग बहुधा त्याहून कमीच घटतो. रीबूट झालं की ही मर्यादा पुसली जाते, म्हणून ती सुरुवातीलाच आपोआप लागेल अशी सोय करून ठेवा.

भाड्याने जीपीयू घेणाऱ्यांना खोलीची आणि केबलची चिंता नाही. त्यांनी काम सुरू करण्याआधी दहा-पंधरा मिनिटं जीपीयू-बर्न चालवावं, ईसीसीच्या चुकांची मोजणी बघावी आणि मॉडेलची प्रत ठरावीक वेळाने डिस्कवर जतन करत राहावं.

निविदेत काय लिहायचं

सर्व्हर आल्यावर चाचणीचा विषय काढला की पुरवठादार म्हणतो, हे करारात नव्हतं. त्यामुळे अट आधीच घालावी. मी सुचवतो तो मजकूर असा: ‘सर्व्हर खरेदीदाराच्या जागेत, अंतिम वीजजोडणीवर बसवून सर्व जीपीयू एकाच वेळी सलग २४ तास पूर्ण भारावर चालवले जातील. या काळात उत्तरांत एकही चूक, कर्नल लॉगमध्ये हार्डवेअरची एकही एक्सआयडी नोंद किंवा तापमानामुळे वेग उतरल्याची नोंद आढळल्यास दोष दूर करून चाचणी पहिल्यापासून घेतली जाईल. चाचणीचा अहवाल, लॉग आणि कार्डांचे सीरियल नंबर खरेदीदाराकडे दिल्यानंतरच स्वीकृतीची सही होईल आणि अंतिम देयक अदा केले जाईल.’